पेरणीआधीचं शिवार

(गावच्या वाचनालयात मे महिन्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

संध्याकाळी इकडं येताना लोहाराच्या दारात चार-पाच माणसं बसलेली दिसली. पेरायच्या कुरीची फणं पाजवून घ्यायला आली होती. वळवाचा एक बरा पाऊस झालाय, धूळवाफ पेरणी तोंडावर आलीय, त्यामुळं सगळ्यांची घाई चाललीय. त्यातल्या एकानं विचारलं, "सर, आज कशावर बोलणार?" शिवारातल्या पाखरांवर, असं सांगितलं तर तो म्हणाला, "आता कुठली पाखरं सर? रान तर सगळं मोकळं पडलंय की."

हे वाक्य मी गेली तीस-पस्तीस वर्षं ऐकतोय. आज मला त्याच वाक्यावर बोलायचंय.

मसूर, वाटाणा, हरभरा निघून गेला. नांगरट झाली, ढेकळं उन्हात तापून फुटली, शेणखताचे ढीग ओळीनं पडलेत. येळ्ळूर, धामणे, वडगाव, शहापूर, अनगोळ, बेळगावभोवतीच्या कुठल्याही शिवारात उभं राहून पाहिलं तर तांबूस-काळ्या मातीखेरीज डोळ्यांत भरण्यासारखं काही नाही. पाखरं बघायची हौस असलेली शहरातली मंडळीसुद्धा आपल्याकडं येतात ती हिवाळ्यात. गोकाककडं घटप्रभेच्या पक्षी अभयारण्यात जातात, तिथं थंडीत करकोचे उतरतात ते बघतात. जरूर बघावेत. पण मला विचाराल तर रोहिणी लागायच्या आधीचे आणि नंतरचे आठ-आठ दिवस, म्हणजे मेचा दुसरा पंधरवडा, हा आपल्या शिवारात फिरण्याचा सगळ्यात मोठा काळ. हिवाळ्यात रानात जत्रा असते. पाहुणे येतात, खातात, पितात, निघून जातात. मे महिन्यात रान म्हणजे बाळंतिणीची खोली. या दिवसांत जे पाखरू तुम्हाला दिसतं, त्याचं घर इथंच कुठंतरी वीस-पंचवीस पावलांवर असतं. आणि बाळंतिणीच्या खोलीत आपण जसं पाऊल न वाजवता जातो, आवाज खाली करतो, तसंच या शिवारात जायचं असतं.

पाहुणे कोण कोण गेले ते आधी सांगतो. शाळूच्या कणसांवर हजारोंनी तुटून पडणाऱ्या भोरड्या एप्रिलातच गेल्या. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची मैना ती. मध्य आशियाच्या बाजूला जाऊन ती अंडी घालते, तिथं टोळ आणि नाकतोडे हा तिचा खुराक. आपण तिला पिकाची वैरीण समजतो, तिकडचे शेतकरी तिची वाट बघतात. पाटाच्या कडेनं शेपूट वरखाली करत चालणारे परीट गेले. उरले ते घरचे.

आता चला, सकाळी निघू. या दिवसांत सूर्य सहाच्या सुमाराला वर येतो. पण खरं शिवार त्याच्या आधी अर्धा-पाऊण तास जागं होतं. अजून वाट दिसत नसते तेव्हा कोतवाल बोलायला लागतो. काळाभोर, शेपटीला खोल खाच. मग दयाळाची लांबलचक शीळ गावाच्या बाजूनं येते. भारद्वाज कुठंतरी घायपातीच्या आड घुमतो, आमच्याकडं त्याला कुक्कुडकुंभा म्हणतात, आवाजच तसा. तित्तर ओरडतो. आणि या सगळ्यांच्या वर, थांबत थांबत, चढत चढत, पावशा. त्याच्याकडं मी मागाहून येणार आहे, कारण त्याच्यावर घाईत बोलता येत नाही.

उजाडलं की पहिली नजर नांगर किंवा कुळव चालू असेल तिकडं टाका. ट्रॅक्टरच्या मागं गायबगळ्यांची रांग असतेच. पण जरा थांबून बघा. जानेवारीत पांढराशुभ्र असलेला हाच बगळा आता डोक्यावर, मानेवर, पाठीवर केशरी झालाय, हळदीच्या अंगानं नवरदेव फिरावा तसा. नाल्याकडेला मातीच्या रंगाची ढोकरी उभी असायची, कुणाच्या लक्षातही यायची नाही. तिच्या पाठीवर आता पिकल्या जांभळाचा रंग उतरलाय. दोघांचीही वीण पावसाच्या तोंडावर, म्हणून हा साज. ट्रॅक्टरनं माती उलटली की हुमणी, किडे, बेडकं वर येतात, आणि ही मंडळी फाळाच्या इतक्या जवळ चालतात की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. कोतवाल मात्र खाली चालत नाही. तो म्हशीच्या पाठीवर नाहीतर तारेवर बसून राहतो, उडालेला किडा हवेतच पकडतो. कोतवालाचं घरटं ज्या झाडावर असतं त्याच झाडावर होले आणि हळद्या आपलं घरटं बांधतात, कारण कावळा किंवा घार त्या झाडाकडं फिरकली तर हे एवढंसं पाखरू तिच्या पाठीवर बसून तिला पिटाळून लावतं. गावच्या कोतवालाचं नाव त्याला ज्यानं दिलं, त्यानं हे नीट पाहिलेलं होतं.

आता टिटवी.

टिटवी सगळ्यांना माहीत आहे. रात्री ओरडली की घरातली म्हातारी माणसं अजून अशुभ म्हणतात. लाल कल्ल्यांची, पिवळ्या लांब पायांची ही टिटवी नाल्याच्या, पाटाच्या जवळपास राहते. तिची एक बहीण आहे, माळटिटवी. तिचे कल्ले पिवळे, डोक्यावर काळी टोपी आणि आवाज जरा मवाळ. ती राजहंसगडाच्या पायथ्याला मुरमाड माळावर भेटेल. दोघीही घरटं म्हणून काही बांधत नाहीत. मातीत वाटीएवढा खळगा, भोवती चार खडे, दोन लेंड्या, आणि त्यात चार अंडी. निमुळती टोकं आत, फुगीर बाजू बाहेर, चौफुल्यात मांडावीत तशी. रंग ढेकळाचा, वर काळपट डाग. दोन हातांवर उभं राहूनही ती दिसत नाहीत. पायाखाली यायची वेळ आली तरी दिसत नाहीत. म्हणून ती आपल्याला ओरडून ओरडून सांगत असते.

मी नोकरीत असताना पहिल्यांदा बऱ्यापैकी कॅमेरा घेतला. त्या मे महिन्यात नाल्याकडच्या एका रानात टिटवीचं घरटं सापडलं. मी सकाळी दहाला गेलो आणि जवळच बांधावर बसलो. टिटवी उठली, डोक्यावरून घिरट्या घालू लागली. मला वाटलं, थोड्या वेळात ती येईल, अंड्यांवर बसेल, मला फोटो मिळेल. ती काही आली नाही. मीही हललो नाही. ऊन वाढत गेलं, ढेकळाला हात लागला तर चटका बसत होता. पाऊण तास मी असा बसलो. शेवटी फोटो न मिळताच उठलो. दुसऱ्या दिवशी गेलो तर खळग्यात टरफलाचे दोन तुकडे होते. रानाचे मालक, आम्ही त्यांना मामा म्हणतो, वैरणीचा भारा घेऊन चालले होते. ते म्हणाले, "सर, तुम्ही बसलासा तवा त्यो कावळा खांबावरच हुता. तुमच्यामुळं त्याला जागा कळली."

ते रागानं बोलले नव्हते. पण त्या दिवसापासून आजपर्यंत घरट्याजवळ कॅमेरा घेऊन मी बसलेलो नाही. ती चार अंडी माझ्यामुळं गेली, हे मला आजही टोचतं.

पुढच्या वर्षी त्याच मामांनी मला बोलावून घेतलं. त्याच रानात टिटवी पुन्हा बसली होती आणि कुळव धरायचा दिवस आला होता. मामांनी निरगुडीची एक फांदी तोडून आणली, घरट्यापासून हातभर अंतरावर खोवली. कुळव तिथवर आला की ते बैल थांबवत, कुळव उचलून पलीकडं ठेवत आणि पुढं जात. संपूर्ण रान कुळवून झालं तेव्हा मध्ये खाटेएवढी जागा तशीच राहिली होती. बैल जवळ येईपर्यंत टिटवी उठली नाही, आणि ते पुढं सरकताच धावत येऊन पुन्हा बसली. मी बांधावर लांब उभा होतो. मामा म्हणाले, "चार शेर भात कमी आलं तर येऊ दे."

त्या खाटेएवढ्या जागेत मी जे पाहिलं ते तुम्हाला सांगतो. दुपारी ऊन तापलं की नर-मादीतलं एक जण उठून नाल्याकडं जायचं. तिथल्या डबक्यात पोट बुडवून, पिसं ओली करून परत यायचं आणि अंड्यांवर बसायचं. पाणी अंड्यांवर टिपकायचं. अंडी उबवायची ती थंडीत, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. मे महिन्याच्या उन्हात टिटवीला अंडी थंड ठेवावी लागतात. मी आदल्या वर्षी तिला पाऊण तास उठवून ठेवलं होतं, त्याचा अर्थ मला त्या दुपारी कळला.

टिटवीची अंडी फुटायला चार आठवड्यांच्या आसपास लागतात. पिल्लू बाहेर आलं की अंग सुकेपर्यंतच काय ते थांबतं. लगेच चालायला लागतं, स्वतःच टिपायला लागतं. मी गेलो त्या सकाळी तीन पिल्लं निघालेली होती. आईनं एक वेगळाच आवाज काढला, आणि तिन्ही पिल्लं जिथल्या तिथं मातीला चिकटली. दुर्बिणीतून बघत होतो म्हणून एक सापडलं. दोन ढेकळांच्या मध्ये, मान लांब करून पडलेलं, पाठीवर टरफलाची चिपट अजून चिकटलेली. सगळं अंग मातीसारखं. फक्त डोळा उघडा होता आणि त्यात सकाळचं ऊन चमकत होतं.

आपल्यात एक समज आहे की टिटवीनं अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त, खाली घातली तर कमी. एकाच वर्षी, एकाच शिवारात एक टिटवी बांधावर आणि दुसरी खालच्या वाफ्यात बसलेली मी पाहिली आहे, तेव्हा यावरून पेरणीचा हिशेब करू नका. पण हा समज ज्यांनी जपला त्यांनी दरवर्षी टिटवी कुठं बसलीय हे पाहिलं, ही गोष्ट मला मोठी वाटते. 'टिटवी देखील समुद्र आटविते' अशी आपल्याकडं म्हण आहे. शेजारच्या बांधावरचे कन्नड बोलणारे शेतकरी तिला टिट्टिभ म्हणतात, संस्कृतातही तेच नाव आहे. टिटवी म्हणा की टिट्टिभ म्हणा, नाव तिनंच आपल्या तोंडानं सांगितलंय, आपण फक्त ऐकलंय.

इथं थोडं विषयाबाहेरचं बोलतो. आपल्या बेळगावच्या छावणीत १८८० च्या सुमाराला बटलर नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी होता. त्याला पाखरांचा नाद. कुठल्या पाखराचं घरटं कुठल्या तारखेला सापडलं, किती अंडी होती, असं सगळं तो लिहून ठेवायचा. त्या नोंदी ए. ओ. ह्यूम यांच्या घरटी आणि अंड्यांवरच्या ग्रंथात आल्या. ह्यूम म्हणजे तेच, १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे. त्या ग्रंथाची पानं चाळताना बेळगाव हे नाव पुन्हा पुन्हा समोर येतं, तेव्हा ऊर भरून येतो. त्या काळी अभ्यास म्हणजे अंडी गोळा करणं असायचं, ते आता करायचं नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला बंदी आहे. पण मला एक प्रश्न नेहमी पडतो. छावणीतल्या त्या साहेबाला ती घरटी दाखवली कुणी असतील? मला वाटतं गुराख्यांनी, वैरणीला जाणाऱ्या बायकांनी, पोरांनी. त्यांचं नाव कुठं नाही. मामांचंही कुठं येणार नाही. म्हणून मी शाळेत होतो तोवर मुलांना सांगत असे, वहीच्या मागच्या पानावर तारीख घाला आणि आज काय दिसलं ते एका ओळीत लिहा. काहींनी त्या वह्या अजून ठेवल्यात.

आता पावशा.

आमची आजी सांगायची, "पावशा वरडायलाय, बी वाळवाय घाला." बासमतीचं बी अंगणात पसरलेलं, आजी सूप घेऊन बसलेली, आणि परड्यातल्या आंब्यावरून तो आवाज: पेरते व्हा, पेरते व्हा, पेरते व्हा. प्रत्येक वेळी सूर एक पायरी वर. असं वाटतं आता याचा गळा फुटणार, आणि तिथंच तो तुटतो. थोडी शांतता, की पुन्हा खालच्या पायरीपासून सुरू. दिवसा, चांदण्यात, ढगाळ हवेत तर विचारूच नका. हिंदी मुलखात हाच आवाज 'पी कहाँ' असा ऐकू येतो. आपल्याला तो पेरा म्हणतो, कारण आपण पेरणारी माणसं.

हा आवाज सगळ्यांनी ऐकलाय, पण पाखरू किती जणांनी पाहिलंय? पाहिलं असेल तर तुम्हाला शिकरा हा शिकारी पक्षी वाटला असेल. तसाच राखी रंग, तशाच शेपटीवर पट्ट्या, उडायची ढबही तशीच. तो झाडात शिरला की छोटी पाखरं कल्ला करून पळतात. पण त्याची चोच शिकाऱ्याची नाही, तो सुरवंट खातो. शिकऱ्याचं सोंग त्याच्या कामाचं आहे, कारण पावशा स्वतः घरटं बांधत नाही. सातभाई नावाच्या पाखरांच्या घरट्यात त्याची मादी अंडं घालते. सातभाईंची अंडी निळी, पावशाचंही निळं. कोकीळ कावळ्याला फसवते ते सगळ्यांना माहीत आहे, हे त्याच घराण्यातलं. पाऊस स्थिरावल्यावर बांधाच्या कडेनं फिरलात तर सातभाईंचा थवा आपल्यापेक्षा मोठ्या, पट्टेदार पोराला भरवताना दिसेल. सगळं कुटुंब त्याच्यामागं पळत असतं.

मग पावशाला पाऊस कळतो का? या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केलाय. तो पावसाचा निरोप घेऊन येत नाही. तो मार्चपासूनच बोलायला लागतो, मे-जूनमध्ये त्याला जोर चढतो. पाऊस पडला की पालवी फुटणार, पालवीवर अळ्या येणार, अळ्यांवर सातभाईंची पिल्लं वाढणार आणि त्यांच्यात याचं पोर वाढणार. त्याचं सगळं वेळापत्रक त्या पहिल्या पावसाला बांधलेलं आहे. आपलंही तसंच. धूळवाफ पेरणी म्हणजे काय? कोरड्या मातीत, आभाळात ढगही नसताना, घरातलं चांगलं बी टाकून मोकळं व्हायचं आणि वाट बघायची. शेतकरी आणि पावशा एकाच घड्याळाकडं बघत असतात. आजीला हे शास्त्र म्हणून कुणी शिकवलं नव्हतं. तिनं साठ वर्षं तो आवाज आणि पेरणी शेजारी शेजारी ठेवून पाहिली होती.

चातकाचंही थोडं असंच. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. मेच्या शेवटी, जूनच्या सुरुवातीला पावसाच्या वाऱ्याबरोबर आफ्रिकेच्या बाजूनं समुद्र ओलांडून येणारे चातक असतात. चोच उघडून पावसाचा थेंब झेलणारा चातक कवितेत शोभतो, खरा चातक बाभळीवर केसाळ सुरवंट शोधत बसलेला असतो. खानापूरकडच्या झाडीत याच सुमाराला नवरंग येतो. तो बघायचा तर रानातल्या पाचोळ्यात बघावा लागतो, शिवारात भेटत नाही, म्हणून आज त्याला बाजूला ठेवतो.

शिवारातली तीन ठिकाणं मात्र तुम्ही चुकवू नका.

पहिलं, जुनी बांधीव विहीर. पाणी तळाला गेलेलं असतं, त्यामुळं कडेच्या दगडांतल्या फटी उघड्या पडतात. तिथं साळुंक्या, पिंगळे असतात. काठाची शिंदी किंवा बाभूळ विहिरीवर वाकलेली असेल तर तिला गेल्या वर्षीचे सुगरणीचे खोपे लटकलेले दिसतील, वाऱ्यावर हलणारे, सुकून पांढरे पडलेले. या दिवसांत सुगरण नराचं डोकं आणि छाती पिवळीधमक व्हायला लागते, पण त्याला ओली पाती लागतात, म्हणून खरं विणकाम पावसानंतर. सलीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला सुगरणीचा अभ्यास केला. नर खोपा निम्मा विणून थांबतो, मादी येऊन आत-बाहेर करून बघते, तिला पटला तरच तो पुढं पुरा होतो. तो एक पुरा झाला की नर दुसरा विणायला घेतो. बहिणाबाईंच्या ओव्यांमुळं आपण ते सारं श्रेय मादीला देतो. विणणारा हात, म्हणजे चोच, नराची आहे, पण पसंती तिची.

दुसरं ठिकाण, वीटभट्टीसाठी माती काढलेला खड्डा. त्या उभ्या मातीच्या भिंतीला पाच-सहा भोकं दिसली तर लांब बसा. वेड्या राघूची बिळं आहेत ती. चिमणीएवढं हिरवं पाखरू, शेपटीतून निघालेल्या दोन काड्या. चोचीत चतुर किंवा मधमाशी धरून तारेवर बसतं, ती तारेवर आपटून मारतं, मगच बिळात शिरतं. बीळ हातभर, कधी त्याहूनही लांब, आणि अंडी अगदी शेवटच्या टोकाला, पांढरीशुभ्र. उघड्यावरच्या टिटवीची अंडी मातीच्या रंगाची आणि अंधारातल्या राघूची पांढरी, कारण अंधारात कुणापासून लपायचं नसतं. खड्ड्याची कड मे महिन्यात ढासळवली की आतली पिल्लं गाडली जातात. भट्टीवरच्या एका मुकादमाला मी हे दाखवलं, तर त्यानं आपणहून दुसऱ्या बाजूनं माती काढायला लावली. लोकांना दाखवलं की लोक ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

तिसरं, माळ. नुसतं उभं राहायचं आणि वर बघायचं. डोंबारी नावाचं चिमणीहून लहान पाखरू, नराचं पोट काळं, डोकं राखेच्या रंगाचं. ते सरळ वर चढतं, मग पंख मिटून दगडासारखं खाली पडतं, पडता पडता लांब शीळ घालतं, सावरतं, पुन्हा पडतं. डोंबाऱ्याचा खेळ बघितलेल्या माणसानं ठेवलेलं नाव. त्याचं घरटं मात्र तुमच्या बुटाशेजारी, एखाद्या ढेकळाच्या सावलीला असेल.

बेळगुंदीकडच्या वाटेवर, जिथं काजूची झाडं सुरू होतात, एक जुना वड आहे. त्याची एक मोठी फांदी वाळलेली. गेल्या मे महिन्यात त्या वाळक्या फांदीवर नीळकंठ बसला होता. बसलेला असताना विटकरी-मातकट दिसतो, उडाला की पंखांत दोन निळे रंग उघडतात, एक गडद, एक फिका. कर्नाटकाचा तो राज्यपक्षी. त्याच वडाच्या हिरव्या भागात फळं खात हरियालांचा थवा होता, पिवळ्या पायांचा, पानात पान होऊन बसलेला. तो महाराष्ट्राचा राज्यपक्षी. अर्धा तास मी त्या झाडाखाली होतो. फार बरं वाटलं.

आता थोडं कडू बोलायचंय, बोलल्याशिवाय राहवणार नाही.

बांध पेटवणं थांबवा. निदान या महिन्यात तरी. बांधाच्या गवतात तित्तराची मादी अंड्यांवर बसलेली असते, बांधाच्या भोकात गप्पीदासाची पिल्लं असतात. आग लागली की मोठी पाखरं उडतात, अंडी उडत नाहीत. तणनाशकाचं पण तेच. बांधावर गवताचं एक पातंही ठेवायचं नाही, ही स्वच्छतेची कल्पना आपल्याला कुणी शिकवली कळत नाही. आपल्या आज्यांचे बांध तसे नव्हते, त्यांच्या बांधांना करंज होती, निरगुडी होती, शिकेकाई होती.

दाणेदार फोरेट हे कीटकनाशक आपण वर्षानुवर्षं उघड्या हातानं फेकलं. ते खाऊन मेलेले बगळे मी पोरांबरोबर वेचलेले आहेत. २०२० च्या अखेरीपासून त्यावर देशात बंदी आहे, कुणाच्या परड्यात जुना डबा पडला असेल तर तो वापरू नका. उंदरांना विष घालता तेव्हा एवढं लक्षात ठेवा, विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो डुलत डुलत फिरतो आणि गव्हाणी घुबड त्यालाच सहज उचलतं. भाताच्या रानात उंदीर धरायला रात्री घुबड आणि दिवसा कापशी, हे दोघं बिनपगारी राखणदार. कापशी बघितलीय ना? पांढरी, डोळे लालभडक, हवेत एका जागी पंख मारत उभी राहते, पाय खाली सोडते आणि अलगद उतरते. ती उतरली की समजायचं तुमच्या रानातला एक उंदीर कमी झाला.

आणि तरुण मुलांना एक विनंती. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला जवळ बोलवायची पद्धत आलीय. वीण चालू असताना हे अजिबात करू नका. नराला वाटतं, हद्दीत दुसरा नर घुसला. तो घरटं टाकून त्या नसलेल्या वैऱ्याशी भांडत राहतो. तेवढा वेळ कावळ्याला पुरतो. कावळ्याला किती वेळ लागतो ते मी सांगितलंच आहे.

बरं, रविवारचं ठरवू आणि थांबू. ज्यांना यायचंय त्यांनी पावणेसहाला वेशीतल्या पिंपळापाशी या. पांढरे, भडक कपडे नकोत, मातकट रंगाचं काहीही चालेल. दुर्बीण असेल तर आणा, आठ बाय बेचाळीसची पुरे, नसेल तर माझ्याकडं दोन आहेत, आळीपाळीनं बघू. पाण्याची बाटली आणि टोपी. आदल्या रात्री वळीव झाला तर नाल्याकडची वाट चिकट होते, चपला घालून येऊ नका. नऊच्या आत परत फिरायचं, त्यानंतरचं ऊन पाखरांनाही सोसत नाही.

मामा आता थकलेत, रान त्यांचा मुलगा करतो. कुळवणी कालच झाली. आज सकाळी मी लांबून बघून आलो, रानाच्या मध्यभागी निरगुडीची फांदी उभी आहे. माझ्या हिशेबानं चोविसावा दिवस आहे, म्हणजे आपण जाऊ तेव्हा पिल्लं निघालेलीही असतील. तिथं पोचलो की बांधावरून खाली कुणी उतरायचं नाही, आणि बांधावरही पायाखाली बघूनच पाऊल टाकायचं.